‘गोपनीय’ शिक्का, फुटलेले कागद आणि गावचा माणूस : कायदा काय सांगतो, घडतं काय?

तहसील असो, पंचायत समिती असो की पोलीस ठाणं, ‘ते गोपनीय आहे, देता येणार नाही’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस तालुक्यात सापडणं कठीण. रस्त्याच्या कामाचं बिल मागा, विहिरीच्या यादीतली नावं मागा, टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही मागा, उत्तर तेच. मागणारा दोन चकरा मारतो, तिसऱ्यांदा जात नाही. कागद खरंच गोपनीय होता की नाही हे विचारायचं राहूनच जातं.

सरकारी गुपिताचा कायदा नेमका काय आहे, तो कुणावर लागतो, बाहेर आलेला कागद छापला तर काय होतं आणि एवढे कागद फुटूनही लोक गप्प का राहतात, याची ही माहिती.

कायदा कुठून आला?

कायद्याचं नाव शासकीय गुपिते अधिनियम, १९२३. मूळ इंग्रजांचं. हिंदुस्थानात असा पहिला कायदा १८८९ मध्ये झाला. पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात तो आणखी कडक करायचं ठरलं. तोवर भर लष्कर आणि आरमाराच्या माहितीवर होता, नव्या विधेयकात साध्या मुलकी कारभाराची माहितीही त्यात ओढली गेली. त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विरोध करणाऱ्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा हा माणूस. मुलकी कारभार आणि लष्करी गुपित एकाच मापाने मोजलं तर वर्तमानपत्रांना सरकारवर टीका करणं अशक्य होईल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. विधेयक तरीही १९०४ मध्ये मंजूर झालं. १९२३ मध्ये नवा कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतर काही दुरुस्त्या होऊन तोच आजही चालू आहे.

त्यातली दोन कलमं महत्त्वाची. कलम ३ हेरगिरीचं. संरक्षणाशी संबंधित बाब असेल तर १४ वर्षांपर्यंत कैद. कलम ५ मात्र फार रुंद आहे. गुप्त सरकारी माहिती अनधिकृतपणे दुसऱ्याला देणारा गुन्हेगार, आणि ती जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे कारकुनाने कागद दिला आणि पत्रकाराने घेतला, तर दोघेही एकाच माळेत.

गंमत अशी, की ‘गुप्त’ म्हणजे काय याची व्याख्याच या कायद्यात नाही. टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल हे शिक्के कायद्यातून नव्हे, तर केंद्रीय गृहखात्याच्या अंतर्गत सूचनांमधून आले. शिक्का कुणी मारायचा, किती वर्षं राहील, तो चुकीचा असेल तर दाद कुठे मागायची, याबद्दल कायदा गप्प. तरीही एक गोष्ट नागरिकाच्या बाजूची आहे. या कायद्याखालचा खटला कुणीही उठून घालू शकत नाही. कलम १३ नुसार सरकारची किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची तक्रार लागते. ‘तुझ्यावर गुपिताचा खटला टाकतो’ अशी धमकी एखादा ठेकेदार देत असेल, तर ते त्याच्या हातातलं काम नाही.

वर्धा आणि पाथर्डी

हा कायदा दिल्लीतल्या फायलींपुरताच आहे असं वाटत असेल तर वर्ध्याचं उदाहरण घ्यावं. २०१८ मध्ये एक माणूस शेजाऱ्याशी झालेल्या भांडणावरून वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात गेला. तिथली बोलणी तो मोबाइलवर टिपत होता. पोलिसांनी थेट गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला. का, तर म्हणे पोलीस ठाणं हे ‘निषिद्ध ठिकाण’. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. जुलै २०२२ मध्ये खंडपीठाने स्पष्ट केलं, की कायद्यातली निषिद्ध ठिकाणाची व्याख्या पूर्ण आहे आणि तिच्यात पोलीस ठाणं बसत नाही. गुन्हा रद्द झाला. पण निकाल येईतो चार वर्षं गेली होती.

त्याच महिन्यात नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीत जवळपास तेच घडलं. ठाण्यात पोलिसांशी झालेलं बोलणं टिपलं म्हणून दोघा भावांवर इतर कलमांसोबत गुपित कायद्याचंही कलम लावलं गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तेही टिकत नाही असा निकाल दिला.

याचा अर्थ ठाण्यात जाऊन वाटेल ते करावं असा नाही. धमकी, सरकारी कामात अडथळा (लोकांच्या तोंडात अजून ‘३५३’च आहे, नव्या न्याय संहितेत ते कलम १३२ झालं) ही कलमं वेगळी आहेत आणि ती लागू शकतात. पण ठाण्यात मोबाइल काढला म्हणून कुणी हेर ठरत नाही, एवढं दोन खंडपीठांनी सांगून ठेवलं आहे. हे निकाल ठाण्यात जाणाऱ्यांपर्यंत किती पोहोचले, हा प्रश्नच आहे.

पत्रकारांवरही हा कायदा उगारला गेलाय. २०१७ मध्ये लष्करातल्या ‘सहायक’ पद्धतीवर एका वेबसाइटच्या महिला पत्रकाराने छुप्या कॅमेऱ्याने बातमी केली. जवानांकडून साहेबांच्या घरची कामं करून घेतली जातात, हा विषय. त्यात दिसलेला एक जवान पुढे देवळालीत मृतावस्थेत सापडला आणि पत्रकारावर आत्महत्येस प्रवृत्त करण्यासोबत गुपित कायद्याखालीही नाशिकमध्ये गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो एप्रिल २०१९ मध्ये रद्द केला.

त्याआधीचं इफ्तिखार गिलानी यांचं प्रकरण तर शिकवण्यासारखं आहे. ‘काश्मीर टाइम्स’चे हे दिल्लीतले पत्रकार. जून २००२ मध्ये त्यांना अटक झाली. घरातल्या संगणकात काश्मीरमधल्या सैन्याच्या संख्येविषयीचा मजकूर सापडला होता. प्रत्यक्षात तो पाकिस्तानातल्या एका संस्थेने छापलेला आणि इंटरनेटवर कुणालाही मिळेल असा होता. हे सिद्ध होऊन खटला मागे घेतला जाईपर्यंत गिलानी सात महिने तिहारमध्ये होते. जानेवारी २००३ मध्ये ते सुटले.

चोरीचा कागद कोर्टात चालतो का?

चालतो, निदान नुसत्या चोरीच्या मुद्द्यावर तो बाद होत नाही. यावरचा अलीकडचा मोठा निकाल राफेल विमानांच्या खरेदीवरून झाला. फेब्रुवारी २०१९ पासून ‘द हिंदू’ने संरक्षण मंत्रालयातली टिपणं छापायला सुरुवात केली. ६ मार्चला अॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की कागद मंत्रालयातून चोरीला गेलेत आणि गुपित कायद्याखाली कारवाई होऊ शकते. दोन दिवसांनी खुलासा आला, मूळ कागद चोरीला गेले नाहीत, छायाप्रती बाहेर गेल्या.

१० एप्रिल २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सरकारचा आक्षेप एकमताने फेटाळला. अशी कागदपत्रं छापण्यापासून वर्तमानपत्राला रोखणारी तरतूद गुपित कायद्यात दाखवता आली नाही, असं न्यायालयाने नोंदवलं. पुरावा कसा मिळाला यापेक्षा तो प्रकरणाशी संबंधित आहे का, हे बघायचं, हे जुनं तत्त्वही पुन्हा सांगितलं. फेरविचार याचिका मात्र त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला फेटाळल्या गेल्या. कागद वाचायची परवानगी मिळाली म्हणजे कागदातला आरोप सिद्ध झाला असं नसतं, हा फरक चौकातल्या चर्चेत कायम सुटतो. दोन्ही बाजूंकडून.

राफेलच्या निकालात अमेरिकेतल्या ‘पेंटॅगॉन पेपर्स’चा उल्लेख आहे. डॅनियल एल्सबर्ग या तज्ज्ञाने व्हिएतनाम युद्धाविषयीचा सुमारे ७ हजार पानांचा गुप्त अहवाल झेरॉक्स करून पत्रकारांना दिला. १३ जून १९७१ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो छापायला घेतला, सरकार कोर्टात गेलं आणि ३० जूनला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वर्तमानपत्रांच्या बाजूने निकाल दिला. युद्धाबद्दल एकामागून एक सरकारं लोकांशी खोटं बोलली, हे त्यांच्याच कागदांतून समोर आलं होतं. पुढच्याच वर्षी निवडणूक झाली. निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. पुढे त्यांना जावं लागलं ते वॉटरगेटमुळे.

पेपर फुटला की गर्दी, कागद फुटला की शांतता

आपल्याकडे ‘पेपर फुटला’ म्हटलं की भरतीचा पेपर डोळ्यासमोर येतो. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, म्हाडाची परीक्षा ऐनवेळी रद्द झाली, टीईटीचा घोटाळा बाहेर आला. तेव्हा तालुक्यातालुक्यात मुलं रस्त्यावर आली, निवेदनं दिली, पालकही बोलले. कुणी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. घरातला पोरगा तीन वर्षं अभ्यासिकेत बसलेला असतो, नुकसान कुणाचं झालं हे सांगायची गरज नसते.

पनामा पेपर्सचं तसं झालं नाही. २०१६ मध्ये एका कायदा कंपनीची १ कोटी १५ लाख कागदपत्रं जगभरच्या पत्रकारांच्या हाती आली. आइसलँडमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत पंतप्रधान पायउतार झाले. पाकिस्तानात पुढच्या वर्षी नवाझ शरीफ अपात्र ठरले. भारतातली सुमारे ५०० नावं त्यात होती. सरकारने तपासासाठी वेगवेगळ्या यंत्रणांचा गट नेमला, चौकशा झाल्या. गावातल्या पारावर लक्षात राहिली ती एक-दोन नटनट्यांची नावं. परदेशातली कंपनी, तिच्या पोटात आणखी एक कंपनी, आणि यात आपलं काय गेलं याचा हिशोब कुणी मांडलाच नाही.

उलट अंतुलेंचं प्रकरण बघा. १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी लिहिलं, की मुख्यमंत्र्यांशी संबंधित ट्रस्टला देणगी देणाऱ्या बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळतो. तेव्हा सिमेंट परमिटवर होतं. घराचा कोबा करायचा तरी तहसीलला खेटे मारावे लागत. त्यामुळे ही बातमी ज्याने इंग्रजी पेपर कधी हातात धरला नाही त्यालाही कळली. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर अंतुले यांनी राजीनामा दिला. खुर्ची गेली ती कोर्टामुळे, पण ‘सिमेंट’ हा शब्द आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. बोफोर्सचंही तसंच, कागद स्विस बँकांचे असले तरी ‘६४ कोटी’ हा एकच आकडा सगळ्यांना पाठ होता.

तेव्हा लोक उदासीन आहेत म्हणून नुसतं बोट मोडण्यात अर्थ नाही. कागद इंग्रजीत असतो, आकडे हजारो कोटींचे असतात, आणि बातमी देणारा तो आपल्या ताटापर्यंत आणून दाखवत नाही. शिवाय गावात आणखी एक गोष्ट असते, जी शहरातल्या लेखांमध्ये येत नाही. ज्याच्याविरुद्ध कागद आहे तो भावकीतला असतो, सोसायटीचा चेअरमन असतो, उद्या पीककर्जाला त्याचीच सही लागणार असते. ‘सगळेच खातात’ हे वाक्य बऱ्याचदा तत्त्वज्ञान नसतं, स्वतःला वाचवायची सोय असते.

आणि भीती खोटी नाही. तळेगाव दाभाडे इथे जमीन व्यवहारांची माहिती काढणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी खून झाला. राजापुरात फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि त्यात त्यांचा जीव गेला. ज्याच्याविषयी त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्याच्यावरच खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. पत्रकारांवरचे हल्ले रोखण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची मंजुरी २०१९ मध्ये मिळाली. हल्लेखोराला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. आतली माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या संरक्षणाचा केंद्राचा कायदा २०१४ मध्ये संसदेने केला, पण तो लागू झालेला नाही.

हजेरीपट मोठ्याने वाचला तेव्हा

माहिती अधिकाराची सुरुवात दुष्काळी कामावरच्या मजुरीतून झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. राजस्थानात अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि गावकऱ्यांनी १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटन उभं केलं. मजुरांना ठरलेली मजुरी मिळत नव्हती. हजेरीपट दाखवा म्हटलं तर सांगितलं जाई, तो सरकारी गुप्त दस्तऐवज आहे. हजेरीपट, गुप्त!

कार्यकर्त्यांनी मिळतील तेवढे कागद मिळवले आणि २ डिसेंबर १९९४ ला पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात जनसुनवाई घेतली. भाषणं कमी, कागदांचं वाचन जास्त. अमक्याने इतके दिवस काम केलं, इतके पैसे घेतले, अंगठा दिला. ज्याचं नाव वाचलं तो उठून सांगे, मी तर कामावर गेलोच नव्हतो. काही सुनवायांत मेलेल्या माणसांची नावं निघाली, न झालेल्या इमारतींची बिलं निघाली. कागद तोच, पण नाव घेऊन वाचल्यावर गाव बसून ऐकू लागलं. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवसांचं धरणं झालं. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनातून २००२ चा राज्याचा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर माहितीचा अधिकार अधिनियम लागू झाला.

‘गोपनीय’ला उत्तर काय द्यायचं?

माहिती अधिकार कायद्याचं कलम २२ सांगतं, की गुपिते अधिनियमात काहीही असलं तरी विरोध येईल तिथे माहिती अधिकार वरचढ. कलम ८ मध्ये माहिती नाकारायची कारणं दिली आहेत आणि नाकारायची असेल तर त्यातलं नेमकं कारण लिहून द्यावं लागतं. नुसतं ‘गोपनीय आहे’ चालत नाही. त्यापुढे ८(२) म्हणतं, की अपवादात बसणारी माहितीही जनहित मोठं असेल तर देता येते. पोटकलमात गुपिते अधिनियमाचं नाव घेऊन हे लिहिलं आहे. राफेलच्या निकालातही त्याचा आधार घेतलेला आहे.

आता एक अडचण नवी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे बघावं लागायचं. ती अटच गेली. घरकुलाच्या किंवा विहिरीच्या लाभार्थ्यांची यादी मागितली तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून परत पाठवायला जागा झाली. अशा वेळी अर्जात आणि अपिलात ८(२) चं जनहित स्पष्ट लिहावं, आणि कलम ४ कडेही बोट दाखवावं. अनुदान योजनांचे लाभार्थी, मंजूर रकमा हे कार्यालयाने कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायचं आहे, असं ते कलम सांगतं.

हातात एखादा फुटलेला कागद आला असेल तर अनुभवी लोक एक साधी युक्ती सांगतात. तो व्हॉट्सअॅपवर फिरवण्याआधी त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख टिपून घ्यायची आणि तोच कागद माहिती अधिकारात मागायचा. प्रमाणित प्रत हाती आली की ‘हा खोटा’, ‘हा चोरीचा’ ही दोन्ही उत्तरं संपतात. ज्या कर्मचाऱ्याने जीव धोक्यात घालून कागद दिला, त्याचं नावही पुढे येत नाही. पत्रकारासाठी तर ही मोठी गोष्ट, कारण खबर कुणी दिली हे न सांगण्याचं पक्कं संरक्षण आपल्या कायद्यात नाही. प्रेस कौन्सिलपुढे ते मिळतं, कोर्टात मिळेलच असं नाही.

अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करायचा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. ‘रस्त्याची सगळी माहिती द्या’ असं लिहिलं की अर्ज अडकतो. कामाचं नाव आणि वर्ष घालून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (एमबी) आणि अदा केलेली बिलं मागावीत. उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. प्रती २ रुपये पान. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं. दोन्ही अपिलांना २० रुपयांचा स्टॅम्प. कारण नसताना माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड होऊ शकतो. आयोगाकडे तारीख लागायला मात्र खूप वेळ जातो, हे धरूनच चालावं.

अर्ज न करताही एक वाट आहे. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना फायली बघू द्याव्यात, असं परिपत्रक राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी काढलं आहे. जाताना त्याची एक झेरॉक्स खिशात असू द्यावी, कारण कार्यालयात ते कुणाला माहीत असेलच असं नाही.